द्वेषातून केलेल्या गुन्ह्याला जास्त शिक्षा असावी का?

पारिजात:
१५ सप्टेंबर २००१. अमेरिकेत ॲरिझोनातल्या मेसा शहरात बलबीरसिंग सोढी आपल्या पेट्रोल पंपाबाहेर फुलझाडं लावत होते. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांना चारच दिवस झाले होते. पगडी-दाढी बघून एकाने त्यांना मुसलमान समजून गोळ्या घातल्या. ना ओळख, ना पैशांचा वाद. ती गोळी पगडी बांधणाऱ्या प्रत्येकासाठी धमकी होती. म्हणून अशा गुन्ह्याला शिक्षा जास्तच हवी.

रोखठोक:
असहमत. खून तो खूनच. चार पैशांसाठी मारलेल्या माणसाच्या आईला दुःख कमी होतं का? कृत्याची शिक्षा द्या. मनात काय होतं यावर शिक्षा वाढवायला लागलात, तर उद्या विचारांवरच खटले भरले जातील.

पारिजात:
आईच्या दुःखाचं माप कोणीच काढत नाहीये. द्वेषातून केलेल्या गुन्ह्याला जास्त शिक्षा देणाऱ्या कायद्यावर विचारांचा हाच आक्षेप अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या एका खटल्यात घेतला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये तो एकमताने फेटाळला. त्यात आरोपी कृष्णवर्णीय होता आणि मार खाल्लेला मुलगा गोरा. म्हणजे हा कायदा एकाच बाजूचा, असंही नाही.

सायली:
मी कायद्यातली नाही, पाहिलेलं सांगते. माझ्या मैत्रिणीच्या समाजातल्या एका मुलाला दोन गल्ल्या पलीकडे नाव विचारून मारलं. तिला कोणी बोटही लावलं नव्हतं. तरी आठवड्याभरात तिने दारावरची नावाची पाटी काढली. स्क्रूची दोन भोकं अजून तशीच आहेत. बसमध्ये आईचा फोन आला की आपल्या भाषेत बोलत नाही, "नंतर करते" म्हणून ठेवून देते.

रोखठोक:
वाचून फार वाईट वाटलं. पण मारणाऱ्याला आणखी तीन वर्षं आत ठेवलं तर ती पाटी परत लागेल का? इमारतीतलं कोणी तिच्याकडे गेलं का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

सायली:
कोणी नाही गेलं. आणि त्या मुलाच्या तक्रारीत "किरकोळ बाचाबाची" एवढंच लिहिलं गेलं. ते कळलं त्या रात्री ती सगळ्यात जास्त रडली. लंडनमध्ये १९९३ साली बसची वाट बघणाऱ्या १८ वर्षांच्या स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय मुलाला भोसकून मारलं. तपासाचे धिंडवडे निघाले. पोलीस दलातच वंशद्वेष मुरलाय, हे १९९९ च्या मॅकफर्सन चौकशी अहवालाने मांडलं आणि दोघांना शिक्षा झाली ती थेट २०१२ मध्ये. गुन्हा द्वेषातून झाला हे निदान कागदावर तरी यायला हवं ना?

रोखठोक:
नोंदीचं शंभर टक्के मान्य. वाढीव शिक्षेचं अजूनही नाही.