मदत हवी आहे: स्ट्रट बारची भोकं जुळत नाहीत, कानशीने वाढवू का?

कुंभार्लीचा_वाटसरू

नमस्कार मंडळी. गाडी आय-२०, २०१३ची, १.४ डिझेल, सहा गिअरवाली. सेकंड हँड घेतली, आता लाखभर किलोमीटर होत आलेत. चिपळूण–कऱ्हाड येणंजाणं नेहमीचं, त्यामुळे कुंभार्ली घाट पाठ आहे. चढताना काही वाटत नाही. पोफळीकडे उतरताना मात्र स्टीअरिंग वळवल्यावर नाक जरा उशिरा वळतं, आणि नेमका वळणातच खड्डा आला तर पुढचा भाग आडवा सरकल्यासारखा होतो.

ऑनलाइन पुढचा स्ट्रट बार मागवलाय. म्हणजे बॉनेटखालचे दोन टॉवर एकमेकांना बांधणारा आडवा दांडा; टॉवर म्हणजे पुढच्या स्ट्रटचं (स्प्रिंग-शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या खांबाचं) वरचं टोक बसतं तो पत्र्याचा उंचवटा. अ‍ॅल्युमिनियमचा पाइप, दोन टोकांना उलटसुलट आटे, म्हणजे पाइप फिरवला की लांबी कमीजास्त होते. टोकांना लोखंडी पट्ट्या, त्या एका बोल्टवर बिजागरीसारख्या हलतात. डावी पट्टी टॉवरच्या तिन्ही स्टडवर (वर आलेल्या आटेदार खुंट्यांवर) झकास बसते. उजवीकडे दोन स्टड आत जातात, तिसरा तीनेक मिलिमीटर बाहेर राहतो.

भोक कानशीने वाढवलं तर चालेल का? काम जॅकवर करायचं की चाकं जमिनीवर ठेवून? आणि पाइप किती ताणायचा? सोबतच्या कागदावर नुसतं चित्र आहे, एक ओळ मजकूर नाही. गोटी पाने घरात आहेत, टॉर्क रेंच (नट ठरलेल्या जोराने कसायचा पाना) मित्राकडून आणीन.

जुना_पाना

कानस खाली ठेवा आधी. तीन मिलिमीटर म्हणजे थोडं नव्हे. एक तर पट्टी चुकीची पाडलीय, नाहीतर तुमच्या गाडीचा टॉवर जागेवर नाही. गाडी सेकंड हँड म्हणताय म्हणून विचारतो, पुढून कधी ठोकलेली नाही ना? डेंटर पत्रा इतका सफाईने काढतात की रंगावरून पत्ता लागत नाही.

कागदाने तपासा. डाव्या टॉवरच्या तीन स्टडवर जाड कागद दाबा, भोकं उमटतील. तो कागद उलटा करून उजव्या टॉवरवर ठेवा. जुळला तर दोष पट्टीचा. नाही जुळला तर बारचं नाव काढू नका, गाडी आधी बॉडीवाल्याला दाखवा. शिवाय कर्ण मोजा: डाव्या टॉवरच्या आतल्या स्टडपासून उजव्या हेडलाइटमागच्या बोल्टपर्यंत, मग उजव्यापासून डाव्यापर्यंत. स्टील टेप घ्या, शिंप्याची नको.

आणि एक, स्ट्रटच्या मधोमध जो मोठा नट दिसतो त्याला हात लावायचा नाही. तो शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या दांड्याचा, त्याच्या खाली दाबलेली स्प्रिंग बसलीय. आपलं काम फक्त बाजूच्या तीन नटांशी.

आटेबिटे

हौस म्हणून लावताय की इलाज म्हणून? इलाज असेल तर टायर कधीचे ते सांगा.

कुंभार्लीचा_वाटसरू

@जुना_पाना काका, कागद उजवीकडे अगदी बरोबर बसला. कर्णात टेपने फरक दिसलाच नाही, बॅटरीमुळे एका बाजूला टेप जरा वाकडी धरावी लागली एवढंच. म्हणजे गाडी सरळ आणि पट्टी वाकडी. हुश्श.

@आटेबिटे टायरवर शेवटचे चार आकडे २७१८ आहेत.

आटेबिटे

म्हणजे २०१८चा सत्ताविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झालेलं असणार. कोकणातल्या पावसात घाट उतरताय, बारचे पैसे टायरमध्ये घाला. बार पकड देत नाही, पकड रबर देतं.

वळणवेडा

आटेबिटे यांचं बरोबर आहे, पण बार अगदीच शोभेचा म्हणू नका. वळणात बाहेरच्या चाकावर आडवा जोर येतो, तो मॅकफर्सन स्ट्रटच्या (आपल्या पुढच्या स्ट्रटचा प्रकार) वरच्या टोकातून टॉवरला मिळतो. टॉवर जरासा झुकला की चाकाचा कॅम्बर (समोरून दिसणारा उभा कल) हलतो, स्टीअरिंग सैल वाटतं. दोन टॉवर एकमेकांना बांधले की ते झुकणं कमी होतं. १९६५च्या शेल्बी जीटी३५० मस्टँगमध्ये दोन टॉवरमध्ये असाच आडवा दांडा येत असे, त्याला माँटे कार्लो बार म्हणतात. तिथे त्याची गरजही होती. लांबट इंजिन पुढून मागे उभं बसवलेलं आणि टॉवर इंजिनमागच्या पत्र्यापासून लांब.

आपल्या गाड्यांत इंजिन आडवं असतं. टॉवर वायपरखालच्या पत्र्याला जवळजवळ चिकटलेले, म्हणजे कंपनीने अर्धं काम आधीच केलेलं. त्यामुळे फायदा असतो, पण बेताचा. त्यात तुमचा बार बिजागरीचा. असा बार फक्त ओढ आणि दाब सोसतो, टॉवरची पिळवट तो अडवू शकत नाही. त्या बोल्टमध्ये केसभर ढिलाई असली तर तेवढी हालचाल तो खुशाल होऊ देणार. एकसंध वेल्ड केलेला पोलादी बार दिसायला ओबडधोबड, पण कामाला चांगला.

पैसे घालण्याआधी मोजून बघा ना. एकात एक सरकणारे दोन पाइप घ्या, दोन टॉवरमध्ये आडवे पक्के करा, आतल्या पाइपवर बाहेरच्या पाइपच्या तोंडाशी घट्ट रबरी रिंग सरकवून ठेवा. घाट उतरून या. टॉवर जवळ आले असतील तर बाहेरचा पाइप रिंगला तेवढा ढकलून ठेवतो. रिंग किती सरकली ते मोजा. पाव-अर्धा मिलिमीटर निघालं तर तुमचं नाक उशिरा वळण्याचं कारण टॉवर नाही.

कुंभार्लीचा_वाटसरू

प्रयोग आवडला. शनिवारी करतो.

सरकारी_काम

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसी बुकातले तपशील कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून ढळतील असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफाराला दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवलीय. नट-बोल्टवर बसणाऱ्या बारने आरसीतला एकही तपशील बदलत नाही. पण टॉवरला नवं भोक पाडणं, पट्टी वेल्ड करणं यात पडू नका. विमा कंपनीला एक ईमेल टाकून ठेवा, क्लेमच्या वेळी सर्व्हेअर बॉनेट उघडतोच.

जुना_पाना

बार बदलून आला तर बसवायची रीत सांगून ठेवतो.

सपाट जागा, चाकं जमिनीवर, स्टीअरिंग सरळ. जॅक नाही. गाडी चाकांवर असली की तिच्याच वजनाने स्ट्रटचं डोकं टॉवरला दाबलेलं राहतं, तिन्ही नट काढले तरी हलत नाही. जॅकवर काढले तर स्ट्रट खाली लोंबकळेल आणि स्टड भोकातून निसटतील. ते परत बसवताना घाम फुटतो. नट नवे घ्या, पुन्हापुन्हा वापरलेल्या लॉकनटची पकड गेलेली असते. पट्टीच्या जाडीमुळे स्टडची लांबी कमी पडते हे कुणी बघत नाही. नट पूर्ण बसल्यावर वर निदान दोन आटे दिसले पाहिजेत, नाहीतर ती पट्टी त्या गाडीची नव्हे. टॉर्क सर्व्हिस मॅन्युअलमधला, अंदाजपंचे नको. हे स्टड बारीक असतात, पान्याला पाइप लावून ओढलं तर तुटतात.

पाइप ताणण्याचं विचारलंत. दोन्हीकडचे नट कसल्यावर पाइप हाताने फिरवा, खुळखुळ थांबली की थांबा आणि लॉकनट कसा. पान्याने फिरवून टॉवर ढकलायचे नाहीत. त्याने कॅम्बर बिघडतो आणि स्ट्रट माउंटचं रबर कायम पिळलेलं राहतं.

बॉनेट धाडकन आपटू नका. बारवर तीन ठिकाणी कणकेचे गोळे ठेवा, बॉनेट हळू टेकवा, उघडून चपटे झालेले गोळे मोजा. बोटभर जागा हवी, कारण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की डिझेल इंजिन माउंटवर चांगलंच डुलतं. इंजिन कव्हर आणि पाइपांपासूनही अंतर बघा. पट्टीखाली रंग खरवडला गेला तर प्राइमर मारा, चिपळूणच्या हवेत गंज वाट बघत बसलेलाच असतो.

आणि भोक वाढवण्याचं: एखादा मिलिमीटर असता तर मी गप्प बसलो असतो. तीन वाढवलंत तर पट्टी फक्त नटाच्या दाबावर उभी राहील. वळणात सरकेल, कुईकुई करेल, आणि बार असून नसल्यासारखा.

कुंभार्लीचा_वाटसरू

अपडेट. विक्रेत्याने फोटो आणि कागदाचा साचा पाहून बार परत घेतला, तिसरं भोक दुसऱ्याच गाडीच्या मापाने पाडलं होतं म्हणे.

पाइपांचा प्रयोग केला. रिंग सरकली, पण पट्टीवर मोजता येईल इतकी नाही. म्हणजे वळणवेडा म्हणाले तसं कारण टॉवर नाही, म्हणून गाडी लिफ्टवर चढवली. मेकॅनिकने लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) पहारीने उचकटून दाखवला, उजवीकडच्या मागच्या बुशचं, म्हणजे सांध्यातल्या रिंगचं, रबर अर्धं फाटलेलं. खड्ड्यात आडवं सरकायचं ते हेच. दोन्ही बाजूंचे बुश बदलले, चाकांचं अलाइनमेंट केलं, पुढे दोन नवे टायर टाकले. काल कुंभार्ली उतरलो. नाक वळवलं की वळतंय, खड्ड्यात सरकणं बंद.

आता प्रश्न एवढाच: हौस फिटलेली नाही. एकसंध पोलादी बार घेऊ, की मागच्या चाकांकडचा?

वळणवेडा

मागचा नको. तुमच्याकडे मागे टॉर्शन बीम, ती स्वतःच दोन चाकांना जोडणारी आडवी तुळई. तिथे मॅकफर्सनसारखं टॉवरवर काम चालत नाही. डिकीतली जागा मात्र जाईल.

आटेबिटे

नवे दोन टायर मागे आणि जुने पुढे टाका. ओल्या घाटात मागची चाकं सुटली तर गाडी गिरकी घेते, आणि तिथे बार कुठलाही असो उपयोग नाही. चारही बदलले तर उत्तम.

जुना_पाना

हे ऐका. बार घ्यायचाच असेल तर एकसंध घ्या, पण मागवण्याआधी तोच कागद विक्रेत्याला पाठवा. बसवल्यावर शे-दोनशे किलोमीटरनंतर सहाही नटांना पुन्हा टॉर्क रेंच लावा, नवी पट्टी रंगासकट दबते.