विषय: जानेवारीतलं मुंबई फुटबॉल शिबिर

प्रेषक: युवा समिती, मेलबर्न

नमस्कार मंडळी,
आपली नववी-दहावीची चौदा मुलं जानेवारीत दोन आठवडे मुंबईत एका संस्थेच्या मैदानावर नऊ ते बारा वयाच्या चाळीसेक मुलामुलींना फुटबॉल शिकवायला जात आहेत. चेंडू, बूट इथून न्यावेत का? व्हिसा कुठला लागेल? जमलेले पैसे संस्थेला कसे द्यायचे? मुंबईकरांनी सविस्तर लिहावं.

प्रेषक: एक सभासद, दादर

ताई, चेंडू आणू नका. धोबी तलावला मेट्रो सिनेमाजवळ खेळाच्या सामानाची दुकानं आहेत, जालंधर-मेरठचा माल मिळतो. या वयाला ४ नंबरचा चेंडू. मैदान म्हणजे मुरूम आणि बारीक खडी, त्यावर शिवलेल्या चेंडूचे टाके लवकर उसवतात. रबरी आवरणाचा घ्या. हवेचा दाब ०.६ बारच्या आसपास पुरे. त्याहून टणक चेंडू अशा जमिनीवर छातीपर्यंत उसळतो आणि नवख्या मुलाला थोपवताच येत नाही. पंपाची सुई आधी ग्लिसरिनमध्ये बुडवा. कोरडी सुई व्हॉल्व्ह फाडते.

बुटांचं मात्र मनावर घ्याच. समोरची बरीच मुलं अनवाणी किंवा चपलेत येतील. स्टडवाल्या (तळाला खुंट्या असलेल्या) बुटांतला सोळा वर्षांचा मुलगा आणि अनवाणी दहा वर्षांची मुलगी एकाच चेंडूवर पाय घालतात, तेव्हा तिचं बोट चेंगरतं. आपल्या मुलांनी सपाट तळव्याचेच बूट आणावेत, आणि चेंडू हिसकावण्याच्या सरावात स्वतः उतरू नये.

फक्कीने (मैदान आखायच्या पांढऱ्या पुडीने) १२ बाय १२ मीटरचे चार चौकोन आखा. कळीचा चुना नको, डोळ्यात गेला तर भाजतो. चौकोनात दहा मुलं, दोन-तीन चेंडू, तिघांत पास आणि एक मधे, चेंडू अडवायला. रांग लावून एकेकाने गोलवर मारायचं, हे टाळा. मुलं नुसती ताटकळतात आणि मग रांगेत ढकलाढकली सुरू होते. वेळ सकाळी सात ते साडेआठ. मुक्काम चालत जाण्याच्या अंतरावर ठेवा, गर्दीच्या लोकलमध्ये चौदा मुलं आणि चेंडूंची पोती घेऊन चढता येत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: शिट्टी तिथल्या सरांच्याच हातात राहू द्या. आपली मुलं मदतनीस. सराव सरांचा असला, तरच आपण परतल्यावरही त्याच वेळेला चालू राहील. शेवटची वीस मिनिटं खो-खोला द्या, तिथे शिकवणारी मुंबईची मुलं असतील.

प्रेषक: कोषाध्यक्ष

व्हिसाचं: ऑस्ट्रेलियन पासपोर्टवर ई-टुरिस्ट व्हिसा काढा. त्यात एक महिन्यापर्यंतचं विनामोबदला स्वयंसेवी काम चालतं.

पैशांचं जपून. मंडळाची देणगी परदेशी ठरते, ओसीआय कार्डवाल्यांचीही (भारतीय वंशाचे परदेशी नागरिक). संस्थेची एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी हवी, आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या एफसीआरए खात्यातच जमा व्हायला हवी. निरोपाच्या दिवशी हातात रोख पाकीट दिलं तर अडचणीत संस्था येते. संस्थेला दिलेलं सामानही देणगीतच धरलं जातं, तेव्हा चेंडूंची पावती तिला आधी विचारूनच करा. नोंदणी पाच वर्षांची असते. प्रमाणपत्राची प्रत मागवून मुदत बघा, तिकिटं त्यानंतर काढा.

मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय ग्रुपवर टाकू नयेत, ही अट आपल्या पालकांकडूनही सही करून घ्या.