चाळीस डिव्हाइस म्हणून आठ अँटेनांचा राउटर? कशाला?

तारवाला:
"घरात चाळीस डिव्हाइस असतील तर डोळे झाकून आठ अँटेनांचा एएक्स६००० घ्या, विषय संपला." काल इथे पडलेला हा सल्ला, वर त्याला अंगठ्यांचा पाऊस! एएक्स म्हणजे वायफाय ६, आणि ६००० म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन बँडवरच्या ११४८ आणि ४८०४ एमबीपीएसची फुगवलेली बेरीज. फोनात अँटेना दोनच. ८० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनलवर त्याचा लिंक रेट, म्हणजे कागदावरचा वेग, १२०१, आणि हातात पडतात त्यातले जेमतेम साठ-सत्तर टक्के. चाळीसातले निम्मे तर बल्ब नि प्लग, त्यांना वेग नकोच.

घर अडतं हवेत आणि रांगेत. चॅनलवर एका वेळी एकच बोलतो. कोपऱ्यातला जुना टीव्ही ६ एमबीपीएसने रेंगाळला की बाकीचे ताटकळले. आणि कुणाचा फोटो बॅकअप सुरू झाला की अपलोड तुंबतो, पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) १५ वरून ४०० मिलिसेकंदांवर जातो, कॉलचा आवाज तुटतो. त्यावर औषध एसक्यूएम, म्हणजे राउटरमधली रांग आखडती ठेवणारी सोय. तिच्या केक किंवा एफक्यू-कोडेल या पद्धती असलेला राउटर घ्या, केबल लावून वेग मोजा आणि दोन्ही दिशांना त्याच्या ८५-९० टक्के मर्यादा घाला.

आठपायी:
सल्ला माझाच होता, नाव घ्यायला लाजायचं कारण नाही. "एका वेळी एकच" हे वायफाय ५ पर्यंतचं पुराण झालं. वायफाय ६ च्या ओएफडीएमएमध्ये चॅनलचे तुकडे पडतात, २० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर एकाच वेळी नऊ जण बसतात. राउटरला ऐकायच्या चार साखळ्या (अँटेना आणि तिचा रिसीव्हर) असल्या की लांबच्या फोनची क्षीण हाकही नीट पोचते. आणि एसक्यूएम लावलं की हार्डवेअर ऑफलोड (खास चिपची मदत) बंद पडतं, सगळा भार सीपीयूवर. स्वस्तातला राउटर गिगाबिटला तिथेच गुडघे टेकतो. हे सोयीस्कर विसरलात?

तारवाला:
सीपीयूचं कबूल, नाइलाजाने. बाकी नऊ जणांच्या त्या पंगतीत तुमच्या बल्बला पानच नाही हो, तो वायफाय ४ चा आहे.

शंकासुर:
अँटेना मोजत बसा. खरं दुखणं दोन्ही बँडना वायफायचं "एकच नाव" हे आहे. बँड स्टीअरिंगवाला (डिव्हाइसना दुसऱ्या बँडवर ढकलणारा) राउटर कधीकधी २.४ वरच्या प्लगला "५ वर ये" म्हणून झिडकारतो, त्या बिचाऱ्याला ५ चा रेडिओच नाही. दोन बँड, दोन नावं. साधा हिशोब.

आठपायी:
आणि मग फोन जिन्यात २.४ ला चिकटला की सोफ्यावर बसूनही तिथेच कुथत राहतो. कुठे जायचं ते फोन ठरवतो, राउटर फक्त सुचवतो. एका नावात निदान त्याला दोन्ही दारं दिसतात. पुस्तकी सल्ले नकोत.

शंकासुर:
पुस्तकी? मुख्य नाव दोन्ही बँडवर ठेवा, हवं तर. प्लग-बल्बांसाठी वेगळं नाव, फक्त २.४ वर: डब्ल्यूपीए२ (जुनी सुरक्षा पद्धत), पीएमएफ (नियंत्रण संदेशांचं संरक्षण) बंद, ८०२.११आर (एका डब्यावरून दुसऱ्यावर झटपट उडी) बंद, रुंदी २० मेगाहर्ट्झ, चॅनल १, ६ किंवा ११. यात पुस्तकी काय?

तारवाला:
प्रत्येक नाव सेकंदाला दहाएक बीकन ("मी इथे आहे" अशा हाका) सोडतं, तेही सगळ्यात मंद वेगाने. १ एमबीपीएसचा जुना दर चालू ठेवून चार नावं लावली तर बरीच हवा या जाहिरातीतच जाते. दर ६ वर न्या, मग वेगळं नाव परवडेल. आणि त्यासाठी गेस्ट नेटवर्क वापरू नका. तिथे आयसोलेशन (डिव्हाइस एकमेकांपासून तोडलेले) असतं, प्रिंटर फोनला दिसत नाही, मग इथे येऊन रडारड.

मधलीभिंत:
भांडण चालू द्या. पण राउटर बदलण्याआधी केबलची क्लिप बघा. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चारच. एक तार दातात नीट बसली नाही की पोर्ट गपचूप १०० वर उतरतो. स्पीडटेस्ट ९४ च्या आसपास अडकली की समजायचं. मेशचा (घरभर डबे ठेवून पसरवलेल्या वायफायचा) दुसरा डबाही तारेने जोडा, नाहीतर साध्या मेशमध्ये एकाच रेडिओवर ऐकणं आणि पुढे सांगणं दोन्ही, वेग निम्मा. आणि कंपनीचा मोडेम ब्रिज मोडवर (त्याची राउटरगिरी बंद) टाका, डबल नॅट (पत्त्यांचं भाषांतर दोनदा) कशाला पोसायचं?

आठपायी:
बरं बाबा, आठ अँटेना मागे घेतो. चार ठेवतो. दोन नावांना विरोध कायम.

शंकासुर:
मग नवा प्लग जोडणार कसा?

आठपायी:
५ गिगाहर्ट्झ दहा मिनिटं बंद करायचा, जोडला की पुन्हा चालू. सोपंय.

शंकासुर:
म्हणजे एका प्लगसाठी घरातले सगळे कॉल तोडायचे. आणि पुस्तकी मी!