टॅन कागदावर पांढरी पेन्सिल मळकट का दिसते?

निळी_दौत
पांढऱ्या कागदावर झेंटँगल, म्हणजे छोट्या चौकोनात ठरावीक नक्ष्या भरत जायचं चित्र, बऱ्यापैकी जमतं. हौसेनं स्ट्रॅथमोरचं टॅन, म्हणजे फिकट तपकिरी कागदाचं पॅड आणलं, ११८ जीएसएमचं. काळं मायक्रॉन ०१ पेन, साधी पेन्सिल आणि पांढरी चारकोल पेन्सिल. रेषा झकास उमटतात, पण शेडिंग करून वर पांढरं फिरवलं की सगळं निळसर-राखाडी. रात्री जेवणं आटोपल्यावर डोकं शांत व्हावं म्हणून बसते, तर चिडचिडच होते. कागद चुकला की पेन्सिल?

अर्धा_कटिंग
पांढरं जेलपेन घे नि मोकळी हो. जेली रोल १०. पेन्सिलींच्या नादी लागूच नकोस.

गेरू_आणि_चुना
कटिंगराव, जेलपेनानं ठिपका मिळतो, गडदाकडून फिक्याकडे जाणारा उतार नाही मिळत.

दौत, कागदही ठीक आणि पेन्सिलही. ग्राफाइटवर, म्हणजे साध्या पेन्सिलीवर, पांढरं चढवलंस की ते मळणारच. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांना वर्षानुवर्षं शेडिंग शिकवतोय, सगळ्यांची सवय हीच: पांढऱ्या शीटवर उजेड कागद देतो, आपण फक्त अंधार घालायचा. टॅनवर कागद मधली छटा सांभाळतो. त्याला त्याचं काम करू दे.

झेंटँगलमधली क्रेसेंट मून ही नक्षीच घे. काळ्या अर्धचंद्रांभोवती कमानी काढत गेलीस की दोन कमानी जिथे भिडतात तिथे खाच दिसते. ग्राफाइट तिथेच. कमानीच्या फुगीर माथ्यावर पांढरं, तेही अगदी हलकं. दोन्हींच्या मध्ये तांदळाच्या दाण्याएवढा तरी कोरा कागद राहिला पाहिजे. साडेतीन इंची टाइलवर, म्हणजे झेंटँगलच्या चौकोनी कागदावर, हात शिवशिवतो भरायला, पण आवर.

क्रम: शाई, ती पुरती वाळली की ग्राफाइट, पांढरं सगळ्यात शेवटी. छटा घासायचे स्टंप, म्हणजे कागदाच्या घट्ट गुंडाळीच्या कांड्या, दोन ठेव, दोन्हींना एकच वापरलास तर राखाडी झालंच म्हणून समज. आणि तळहाताखाली चिठोरा.

ही युक्ती काही झेंटँगलवाल्यांची नाही. जर्मन चित्रकार ड्यूररनं १५०८ मध्ये निळ्या कागदावर काढलेले प्रार्थनेचे हात मोठे करून बघ. व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहेत, फोटो नेटवर मिळतो. पांढऱ्या बारीक रेघा फक्त उजेडाच्या बाजूला, मधला निळा जागोजाग तसाच सोडलाय.

डहाणू_लोकल
काका, आमच्याकडे वारलीत गेरूवर पांढरंच पांढरं असतं की! तिथे कुठे मधली छटा?

गेरू_आणि_चुना
बरोबर पकडलंस. पण तिथे तांदळाच्या पिठाची रेघ म्हणजेच आकृती, ती उजेड दाखवायला नसते. टॅनवर तसंही करता येईल, ग्राफाइट बाजूला ठेवून नुसत्या पांढऱ्या रेषा. मग मात्र कटिंगरावांचं जेलपेनच हवं, हे कबूल.

निळी_दौत
दुसरा स्टंप उद्या आणते, काका. सरावाला पुस्तकांच्या कव्हरचा खाकी कागद चालेल का? पॅड महाग पडतं.

गेरू_आणि_चुना
सरावाला पळेल. खरखरीत बाजू घे, गुळगुळीत बाजूवर पांढरी पेन्सिल नुसती घसरते. जपून ठेवायचं चित्र त्यावर नको, कालांतरानं काळवंडतो आणि ठिसूळ होतो. हातकागदाचा मोह होईल, रंग सुंदर असतात त्यांचे. पण फार खरबरीत असेल तर मायक्रॉनच्या टोकाला तंतू अडकतात आणि रेघ फाटते.