श्रीमंतांनी टॅक्स जास्त भरायचा म्हणजे नक्की किती जास्त?

नाठाळ
कालपासून एक फॉरवर्ड फिरतंय, बऱ्याच जणांना आलं असेल. सारांश असा की अमेरिकेत सगळ्यात वरचे १ टक्का लोक तिथल्या केंद्रीय इन्कम टॅक्सचा साधारण ४० टक्के भार एकटे उचलतात, खालची अर्धी जनता मिळून जेमतेम ३ टक्के भरते, आणि तरी ऊठसूट श्रीमंतांनाच चोर म्हणतात.

आकडा बरोबर आहे, त्यावर भांडू नका. भांडण आहे ते गाळलेल्या गोष्टींवर. त्याच १ टक्क्याच्या खिशात देशाच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त जातो हे फॉरवर्डवाल्याने सोयीस्करपणे खाऊन टाकलंय. आणि दुसरं म्हणजे हा नुसता इन्कम टॅक्स. तिथेच सोशल सिक्युरिटीसाठी, म्हणजे सरकारी पेन्शन योजनेसाठी, पगारातून ६.२ टक्के कापतात ते पहिल्या डॉलरपासून, त्यात गरिबाला सूट नाही, पण वर मात्र छप्पर आहे, २०२४ साली १,६८,६०० डॉलरच्या वरच्या पगारावर हा टॅक्स शून्य. म्हणजे बरोब्बर तेवढा पगार असलेला ६.२ टक्के भरणार आणि त्याच्या दहापट कमावणारा ०.६२ टक्के. हा हिशोब फॉरवर्डमध्ये का नाही?

विक्रीवरचा टॅक्स तर जगभर तसाच. १०० कमावणारा १०० खर्च करतो कारण त्याला दुसरा इलाजच नाही, १०,००० कमावणारा २,००० खर्च करतो आणि बाकी गुंतवतो. खर्चावर १० टक्के टॅक्स लावला तर पहिल्याच्या कमाईतले १० टक्के गेले, दुसऱ्याचे २. बिल दोघांच्या हातात सारखंच पडतं म्हणून ते न्याय्य वाटतं एवढंच.

माझं म्हणणं सगळे टॅक्स एका ताटात वाढा आणि मग सांगा कोण किती टक्के देतंय.

सरळरेघ
नाठाळराव, टक्के टक्के करून मूळ मुद्दा पळवताय. १० टक्के सगळ्यांना लावा ना, १०० वाला १० देईल आणि १०,००० वाला १,००० देईल, शंभरपट झाले की! रस्ता तोच, पोलीस तेच, कोर्टात तारीखही तीच, तरी शंभरपट. यापुढे जाऊन दरही वाढवायचा म्हणजे कमावल्याची शिक्षा झाली.

एस्टोनियाने १९९४ ला सगळ्यांना एकच २६ टक्के दर केला, रशियाने २००१ ला १३ टक्के. बल्गेरियात तर १० टक्के आहे. फॉर्म सोपा, पळवाटा कमी. उलट ज्यांनी दर आभाळाला भिडवले त्यांचं काय झालं बघा. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात गुंतवणुकीच्या उत्पन्नावर वरचा दर ९८ टक्के होता (८३ अधिक १५ सरचार्ज), भारतात १९७३-७४ ला ९७.७५. शंभरातले सव्वादोन हातात ठेवायला कोण मरमर काम करेल? लोक लपवायला शिकले, बाकी काही झालं नाही.

प्रश्नपत्रिका
खरंच १०० मधले फक्त सव्वादोन रुपये राहायचे??

नाठाळ
नाही हो. तो सगळ्यात वरच्या स्लॅबचा दर, त्या रेषेच्या वर जे कमावलं फक्त त्याला लागू. खालच्या कमाईला खालचेच दर. हा गैरसमज इतका पक्का आहे की आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांनी वरच्या स्लॅबमध्ये जायला नको म्हणून पगारवाढ नको असं ऑफिसला लेखी कळवलं होतं, आणि वर्षभर त्याचा अभिमान बाळगला. त्यांना कोणी सांगायला गेलं नाही, आता उपयोग काय.

भिडस्त
सरळरेघ, रशियाचं उदाहरण अर्धंच दिलंत. २०२१ ला त्यांनीच वर १५ टक्क्यांची पायरी केली आणि २०२५ पासून १३ ते २२ अशा पाच पायऱ्या आहेत. ज्याचं उदाहरण देताय त्यानेच सरळ रेघ मोडली. बाकी चालू द्या.

सरळरेघ
त्यांना पैसा लागला म्हणून मोडली. गरजू सरकारने केलं म्हणजे ते न्याय्य झालं असं कुठे ठरलं?

तिरपागड
तुम्ही दोघंही चुकीच्या झाडावर दगड मारताय राव. दर ३० असो नाहीतर ९० असो, खऱ्या श्रीमंताकडे "इन्कम" नावाची गोष्टच नसते मुळात.

नोकरदाराची कमाई म्हणजे पगार, तो हातात पडायच्या आधीच कापला जातो. कंपनीच्या मालकाची कमाई म्हणजे त्याच्या शेअरची वाढलेली किंमत. आणि जवळपास सगळीकडे नियम असा की शेअर विकल्याशिवाय ती कमाई धरायची नाही. मग तो विकतच नाही. पैसे लागले की शेअर तारण ठेवून लोन काढतो, लोन म्हणजे उत्पन्न नव्हे, त्यामुळे टॅक्स नाही. अमेरिकेत तर कहर आहे, माणूस मेला की वारसाच्या हिशोबात शेअरची खरेदी किंमत मृत्यूच्या दिवशीची धरतात, म्हणजे आयुष्यभराच्या वाढीवरचा कॅपिटल गेन्स टॅक्स (विकताना झालेल्या नफ्यावरचा टॅक्स) चितेबरोबर जळून गेला, कायमचा.

अमेरिकेतले अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरन बफेंनी २०११ ला स्वतःच जाहीर लिहिलं होतं की त्यांच्या करपात्र उत्पन्नावर १७.४ टक्के टॅक्स बसला आणि ऑफिसातल्या बाकी वीस जणांचा सरासरी ३६ टक्के. त्यात तो पगारावरचा सोशल सिक्युरिटी वगैरेचा टॅक्स पण धरलाय. आणि हे फक्त करपात्र उत्पन्नावर हं, शेअरची न विकलेली वाढ तर मोजलेलीच नाही!

म्हणून म्हणतो, स्लॅबचं भांडण हे डॉक्टर, इंजिनियर, मोठा पगारदार यांच्यापुरतं आहे. वरचा दर वाढवला की हेच सापडतात आणि ज्याच्यासाठी जाळं टाकलं तो मासा केव्हाच पलीकडे गेलेला असतो.

सरळरेघ
लोनचा मुद्दा मान्य, तिथे पळवाट आहे. पण अर्धी गोष्ट तुम्हीही सांगितलीत, तिथे वारसा टॅक्स आहे, ठराविक मर्यादेच्या वर ४० टक्क्यांपर्यंत. आणि न विकलेल्या शेअरवर टॅक्स लावायचा तर पुढच्या वर्षी भाव कोसळला की सरकार परत देणार का? ज्याचं मोठं घर आहे पण रोकड नाही अशी एकटी म्हातारी टॅक्स कशातून भरणार, भिंत विकून?

हे काय नवीन नाहीये, देशांनी करून बघितलंय. संपत्तीवरचा वार्षिक टॅक्स १९९० ला ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या गटातल्या १२ देशांत होता, २०१७ पर्यंत चारच उरले. स्वीडनने २००७ ला काढला, आणि वारसा टॅक्स त्याच्याही आधी. फ्रान्सने २०१८ ला फक्त स्थावर मालमत्तेपुरता ठेवला. भारताने २०१५ च्या बजेटमध्ये काढला तेव्हा आधीच्या एका वर्षाची वसुली होती साधारण १,००८ कोटी, एवढ्या मोठ्या देशात! नॉर्वेने २०२२ ला दर वाढवला तर धनिक बॅगा भरून स्वित्झर्लंडला.

तिरपागड
स्वित्झर्लंडला गेले ना? तिथेही संपत्तीवर टॅक्स आहे, प्रत्येक कँटन (म्हणजे तिथलं राज्य) लावतो. 😀 विहीर टाळायला गेले ते आडाच्याच काठावर.

सरळरेघ
आहे, पण दर बारीक आहेत, आणि खाजगी माणसाने शेअर विकून कमावलेल्या नफ्यावर तिथे साधारणपणे टॅक्सच नाही. एक घेतात, दुसरं सोडतात. तेच तर सांगतोय, दोन्हीकडून पिळलं की माणूस उठून जातो. गरीब कुठे जाऊ शकत नाही म्हणून भार शेवटी त्याच्यावरच येतो, श्रीमंत पळवून लावून गरिबाचं भलं झालेलं मी तरी पाहिलं नाही.

दिवाभीत
वीस वर्षं दुसऱ्यांची रिटर्नं भरतोय, म्हणून थोडं आतलं सांगतो. भांडण दरावर चाललंय पण आमच्या टेबलावर प्रश्न दर कधीच नसतो, प्रश्न असतो तारीख. पगारदाराची तारीख मालक ठरवतो. मोठा अशील विचारतो, हा नफा या वर्षी दाखवू की पुढच्या, माझ्या नावाने की कंपनीच्या, की इकडे तोटा आहे त्यात वळता करू. टॅक्स कधी भरायचा हे ज्याला स्वतः ठरवता येतं तो श्रीमंत, माझी व्याख्या एवढीच आहे. यातलं काहीच बेकायदेशीर नाही. मीच करून देतो आणि फी घेतो.

आणि संपत्ती मोजणं हे वाटतं तेवढं सोपं नसतं. बँकेतले पैसे, लिस्टेड शेअर ठीक आहे, आकडा समोर असतो. न लिस्ट झालेली घरची कंपनी, जुनी चित्रं, दागिने, यांची किंमत काय? एका अशिलाच्या एकाच मालमत्तेचे तीन व्हॅल्युएशन रिपोर्ट मी पाहिलेत, बँकेला लोनसाठी दाखवायचा वेगळा, भावाला वाटणीत दाखवायचा वेगळा आणि आम्हाला द्यायचा वेगळा. तिन्ही सहीशिक्क्याचे. इंग्लंडमध्ये १६९६ ला मोजायला सोपं म्हणून घराच्या खिडक्यांवर टॅक्स लावला होता, जास्त खिडक्या म्हणजे मोठा माणूस. लोकांनी खिडक्या विटा लावून बुजवल्या. भाड्याच्या मोठ्या इमारतीत गरीब बिऱ्हाडं अंधारात राहिली, श्रीमंताला काय, तो भरून मोकळा. तो टॅक्स १८५१ पर्यंत चालला बरं का, दीडशे वर्षं.

उत्तरायण
मी जरा वेगळं बोलतो, मारू नका. डेन्मार्कमध्ये जवळजवळ प्रत्येक वस्तूवर २५ टक्के व्हॅट, म्हणजे विक्रीवरचा टॅक्स, आहे, एकच दर. नाठाळांच्या हिशोबाने हा गरिबावर केवढा अन्याय! पण त्याच पैशातून डॉक्टर, शाळा, कॉलेज फुकट, म्हातारपणी पेन्शन. गरिबाकडून २५ घेतले आणि त्याच्या घरात ६० परत गेले तर तो लुटला गेला का? टॅक्स कुठून आला एवढंच मोजायचं आणि कुठे गेला हे मोजायचंच नाही, हा कसला हिशोब.

नाठाळ
उत्तरायण, मुद्दा पटला, खर्चाची बाजू मी सोडली होती. पण डेन्मार्कमध्ये व्हॅटबरोबर इन्कम टॅक्सही तगडा आहे, तिथे दोन्ही आहेत. बाकी ठिकाणी होतं असं की व्हॅट डेन्मार्ककडून शिकतात आणि शाळा दवाखाने शिकायचे राहून जातात.

ब्रिटनचंच बघा, सरळरेघ यांनी ९८ टक्के सांगितले, पुढचं मी सांगतो. १९७९ ला पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने पगारावरचा वरचा दर ८३ वरून ६० केला, ठीक, ८३ जास्तच होता. पण त्याच बजेटमध्ये व्हॅट ८ वरून १५. एका हाताने वर सोडलं आणि दुसऱ्या हाताने खाली गोळा केलं. मग १९९० ला पोल टॅक्स, म्हणजे एका भागातल्या बहुतेक सगळ्या प्रौढांनी डोक्यामागे सारखीच रक्कम भरायची, बंगलेवाल्यानेही आणि भाड्याच्या खोलीतल्यानेही. मार्चमध्ये लंडनमध्ये दंगल, नोव्हेंबरात थॅचरबाई पायउतार (कारणं आणखीही होती), १९९३ ला तो टॅक्स गुंडाळून घराच्या किमतीवर आधारलेला आणला. लोकांना अर्थशास्त्र येत नव्हतं, पण डोक्यामागे सारखं म्हणजे सारखं नव्हे एवढं त्यांना बरोब्बर कळलं.

सरळरेघ
पोल टॅक्सचं समर्थन मी कधी केलंच नाही, मी टक्का सारखा म्हणतोय, रक्कम सारखी नाही. माझ्या तोंडी शब्द घालू नका.

नाठाळ
बरं, मग टक्काच सारखा करू. पगारावर जो टक्का तोच शेअरच्या नफ्यावर, तोच डिव्हिडंडवर (कंपनी शेअरवाल्यांना वाटते त्या नफ्यावर), आणि सोशल सिक्युरिटीला छप्पर नाही. सगळ्याला एकच सरळ रेघ. चालेल?

सरळरेघ
छप्पर काढायचं तर वरची पेन्शनही वाढवावी लागेल, अमेरिकेत ती पेन्शन कापलेल्या पैशाशी बांधलेली असते, ते आधी ठरवा. शेअरच्या नफ्यातून महागाई वजा करून देणार असाल तर त्यालाही पगाराचाच दर, चालेल. कंपनीने नफ्यावर आधीच टॅक्स भरलेला असतो, त्यामुळे डिव्हिडंडवर परत घेताना तेवढी वजावट द्यायची. या अटी मान्य असतील तर आपलं भांडण निम्मं मिटलं.

तिरपागड
आणि लोन?

सरळरेघ
शेअर तारण ठेवला तर तेवढ्यापुरता विकला असं धरा. हरकत नाही माझी.

दिवाभीत
धरा की. तारण न ठेवता लोन देणाऱ्या बँकेचा पत्ता माझ्या एका अशिलाकडे आत्ताच आहे.