‘पब्लिक शेमिंग’ला धिंड म्हणावं का?

शब्दवेडी:
मंडळी, एका शब्दाशी अडलेय. आपल्या नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यासाठी कामगारांना वाटायची पुस्तिका मराठीत करून देतेय. समाजमाध्यमांवर काय टाकावं, काय टाकू नये, असा विषय. त्यात डिसेंबर २०१३ मधलं ते गाजलेलं उदाहरण आहे. जनसंपर्काचं काम करणारी एक बाई लंडनहून केप टाउनला निघाली. विमानात बसण्याआधी तिने आफ्रिका, एड्स आणि स्वतःचा गोरा रंग यांवरून एक ‘विनोद’ ट्विटरवर टाकला. तिला फॉलो करणारे जेमतेम १७० जण. ११ तासांनी विमान उतरलं तेव्हा जगभर तिच्या नावाने शिव्याशाप चालले होते, ती उतरली का याची लोक वाट बघत होते. पाठोपाठ नोकरी गेली.

मी लिहिलं: ‘तिची जाहीर धिंड काढण्यात आली आणि तिला नोकरी गमवावी लागली.’ सासरे मराठीचे निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, ‘ज्याची धिंड निघते तो तिथे असतो, त्याला ती दिसत असते. ही तर फोन बंद करून विमानात. मग धिंड कोणाची निघाली?’ मला उत्तर देता आलं नाही. त्यांचा पर्याय ‘छी-थू झाली’. मला तो फार मिळमिळीत वाटतो. तुम्ही काय लिहाल? गुरुवारी द्यायचंय.

मेनरोडकर:
सासऱ्यांशी शंभर टक्के सहमत. धिंडीला रस्ता लागतो, गाढव लागतं, तोंडाला काळं, गळ्यात चपलांची माळ, मागे पोरांचा घोळका लागतो. धुळवडीला आपल्याकडे दाजीबा वीराची निघते ती मिरवणूक, नवरदेवाची वरात आणि चोराची धिंड. तिन्हींत माणूस पुढे आणि लोक मागे, पण शब्द बदलला की सगळंच बदललं. लहानपणी मी एकदा वीराच्या मिरवणुकीला धिंड म्हणालो तर आजीने तिथल्या तिथे तोंडावर हात ठेवला होता. इतका जड शब्द आहे तो. उगाच कुठेही वापरू नका.

सातपूरकर:
पण काका, ऑक्टोबर २०२५ आठवा ना. पोलिसांनी गुंडांकडून ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ असं वदवून घेतलं, ते व्हिडिओ घराघरात पोचले. आमच्या कंपनीच्या बसमध्ये सगळे धिंडच म्हणत होते. त्यातल्या एकाने तरी ती रस्त्यावर उभं राहून पाहिली होती का? सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली. रस्ता आता तिथेच आहे.

मेनरोडकर:
व्हिडिओत तो माणूस होता की नाही? होता. माझा मुद्दा तोच आहे.

भगूरकर:
‘शेमिंग’ला प्रतिशब्द शोधावासा वाटला याबद्दल शब्दवेडीताईंचं मनापासून अभिनंदन. पण मग ‘जाहीर’ कशाला? तो अरबी. महापौर, दिनांक, हुतात्मा हे शब्द देणारे सावरकर आमच्या गावचे. त्या शब्दांनाही तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती, आज ते कोणाला खटकत नाहीत. शब्द रुळायला वेळ द्यावा लागतो, आणि तो द्यायला कोणीतरी सुरुवात करावी लागते. माझा प्रस्ताव ‘लोकनिर्भर्त्सना’.

कॉलेजरोडवाली:
दादा, रात्रपाळी करून आलेल्या माणसाने ‘लोकनिर्भर्त्सना’ वाचावं अशी तुमची अपेक्षा आहे? ही पुस्तिका वाचून कोणाची तरी नोकरी वाचणार आहे. सरळ ‘शेमिंग’ लिहा. माझी आई सातवी शिकली, तिला ‘बॉडी शेमिंग’ कळतं, कारण ते तिने सोसलंय. ‘ट्रोल’ला पेपरात ‘जल्पक’ छापतात. आमच्या वर्गात एकालाही त्याचा अर्थ सांगता आला नव्हता.

भगूरकर:
जल्पक उत्तम शब्द आहे. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितलेत. वाद सत्य शोधायला, जल्प जिंकायला, वितंडा नुसतं समोरच्याचं खोडायला. खरं तर ट्रोल हा जल्पकही नव्हे, तो वितंडा करणारा. एवढी बारीक हत्यारं घरात असताना शेजाऱ्याचा विळा कशाला मागायचा?

जुना कारकून:
धिंडीवर मंडळी बोलताहेत, पण ताईंच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मला जास्त खटकला. ‘नोकरी गमवावी लागली.’ ३४ वर्षं आस्थापना शाखेत काढली, म्हणून सांगतो. ‘गमावली’ म्हटलं की चूक तिची. ‘गेली’ म्हटलं की चूक कोणाचीच नाही, पाऊस गेला तशी नोकरी गेली. ‘काढलं’ म्हटलं की काढणारा कोणीतरी आहे हे कळतं. इथे काढणारा होता, त्याने विचार करून काढलं. मग ते लिहायला काय हरकत आहे? ‘तिला कामावरून काढलं’, पाच वर्षांचं पोरही समजेल.

सरकारी भाषेत हे भेद जीवघेणे असतात. निलंबित म्हणजे चौकशी होईतो बाजूला. ‘सेवेतून काढून टाकणे’ आणि ‘बडतर्फ’ हे लोकांना एकच वाटतं. पण बडतर्फ झालेल्याला पुन्हा सरकारी नोकरीचं दार सहसा बंद, नुसतं काढून टाकलेल्याला तसं नाही. बडतर्फ फारसी आहे, ‘बर-तरफ’, म्हणजे एका बाजूला. भगूरकरांनी याला प्रतिशब्द जरूर द्यावा, पण आदेशावर तो शब्द वाचताना समोरच्याचे हात कसे थरथरतात ते मी पाहिलंय. तितकं वजन नव्या शब्दाला यायला हवं.

बोलण्यात ‘नारळ दिला’ म्हणतात. तोही मला आवडत नाही. निरोपाचा मान म्हणून जो नारळ हातात ठेवतात, त्याच नारळाने माणसाला घालवायचं.

सातपूरकर:
कारकून काका, एमआयडीसीत यातलं काहीच म्हणत नाहीत. कंत्राटी पोराला ‘ब्रेक दिला’ म्हणतात, किंवा ‘गेटवर थांबवलं’.

माझ्या मावसभावाला थांबवलं. विनोदच होता. लाइनवरच्या एका मुलीच्या रंगावरून त्याने व्हॉट्सॲपच्या स्टेटसला काहीतरी टाकलं. कोणीतरी स्क्रीनशॉट काढला. सकाळी पहिल्या पाळीच्या आधी तो सिडकोतल्या चार ग्रुपवर फिरत होता, खाली याचा फोटो, घरचा पत्ता. गेटवर सांगितलं, उद्यापासून येऊ नको. त्याने चूक केली, मी त्याची बाजू घेत नाही. पण पुढे दोन महिने किराणा दुकानातसुद्धा लोक ‘तोच का हा’ करायचे. त्याच्या आईने गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, जायचं सोडलं. याला छी-थू म्हणू नका. छी-थू करणारा थुंकतो आणि पुढे जातो. इथे कोणी पुढे गेलंच नाही.

त्र्यंबकरोड:
मग तुमचा शब्द धिंड नव्हे, ‘वाळीत टाकणे’. धिंड एका दुपारची असते, वाळीत टाकलेल्याला मुदत नसते. आणि हे नाशिककरांना कोणी शिकवायला नको. ज्या निवृत्तिनाथांच्या समाधीला आपण पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला जातो, ती भावंडं ‘संन्याशाची पोरं’ म्हणून वाळीत टाकलेली होती, शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत गेलेली. थेट आपल्या काळात यायचं तर जातपंचायतींना मूठमाती देण्याची अंनिसची (अंधश्रद्धा निर्मूलन समितीची) मोहीम २०१३ साली नाशिकमधूनच उभी राहिली. त्यातून २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा झाला, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. पंचायतीने पाणी तोडलं तर गुन्हा, पण चार हजार अनोळखी माणसांनी मिळून एका पोराला जगणं नकोसं केलं तर ते कशात बसवायचं?

‘वाळीत’ हा शब्द माझ्या मते वाळूवरून आला. गावाबाहेर, नदीच्या वाळवंटात राहायला लावायचे म्हणून.

जुना कारकून:
वाळूशी संबंध नाही हो. जातीबाहेर टाकणे, त्यागणे या अर्थाचं ‘वाळणे’ हे जुनं सकर्मक क्रियापद आहे, ‘वाळीत’ त्याचंच रूप.

त्र्यंबकरोड:
आमच्या गावात म्हातारी माणसं वाळूच सांगायची. लोक सांगतात त्यालाही काही अर्थ असतो.

मेनरोडकर:
वाळलेल्या फांदीसारखं झाडापासून तोडलेलं, असं मी ऐकलंय.

देवळालीकर:
व्युत्पत्ती होत राहील, मला विनोदाबद्दल बोलायचंय. आपल्याकडे वाह्यात बोलायला शिमगा होता. दिवस ठरलेला, जागा ठरलेली, होळीभोवती बोंबलायचं, दुसऱ्या दिवशी अंघोळ करून माणसात यायचं. तरी जुने लोक सांगून गेलेत, ‘शिमगा गेला तरी कवित्व उरतं’. आता बारा महिने शिमगा आहे आणि कवित्व कधीच पुसलं जात नाही. डिस्नेने जुलै २०१८ मध्ये जेम्स गन या दिग्दर्शकाला काढलं ते कित्येक वर्षांपूर्वीच्या घाणेरड्या विनोदांवरून. कोणीतरी जुनं उकरून वर आणलं. मार्च २०१९ मध्ये त्याच डिस्नेने त्याला परत घेतलं. मोठ्या माणसाला परतीचं दार असतं. सातपूरकरांच्या भावाला कोण परत बोलावणार? म्हणून पुस्तिकेत ‘शेमिंग’ऐवजी ‘कवित्व उरतं’ हेच लिहा. कामगाराला एका वाक्यात कळेल.

कॉलेजरोडवाली:
म्हण छान आहे, पण तिच्यात चूक विनोद करणाऱ्याची आहे की उकरणाऱ्याची, ते कळत नाही.

मेनरोडकर:
‘आक्षेपार्ह’ या शब्दाचंही तेच. आक्षेप घेण्याजोगं. कोणी घेण्याजोगं? पेपरात रोज ‘आक्षेपार्ह पोस्ट’ छापतात आणि आत काय होतं ते सांगत नाहीत. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना अटक झाली, एकीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने नुसतं लाइक केलं. त्यात विनोदही नव्हता, शहर बंद का, एवढाच सवाल होता. २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं ते याच कारणाने, की शब्द इतके ढगळ होते की कोणीही त्यात बसावा. ताई, पुस्तिकेत ‘आक्षेपार्ह विनोद’ लिहिलं असेल तर ते आधी काढा. जातीवरून, रंगावरून, बाईवरून, व्यंगावरून केलेला विनोद, असं फोडून लिहा.

गंगाकाठ:
बरेच दिवस इथे नुसती वाचते, आज लिहिते. सगळे धिंडीसाठी शब्द शोधताय. जिच्यावर विनोद झाला तिच्यासाठी एक तरी शब्द सुचवलात का?

मी ज्या ऑफिसात होते तिथल्या ग्रुपवर माझ्या तोतरेपणावर एक ऑडिओ फिरला. कोणीतरी माझी नक्कल केली होती. ‘मस्करीची कुस्करी करू नका’ असं मलाच सांगण्यात आलं. त्याला कोणी काढलं नाही, त्याच्या नावाने कोणी काही लिहिलं नाही. सहा महिन्यांनी मीच राजीनामा दिला. विनोद त्याने केला, नोकरी माझी गेली. कारकून काका, इथे ‘गेली’च बरोबर आहे का? गमावली नाही मी. काढलंही नाही मला कोणी.

सातपूरकर, तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण त्या लाइनवरच्या मुलीचं पुढे काय झालं?

सातपूरकर:
ताई, मला माहीत नाही. विचारायला हवं होतं. आज विचारतो.

जुना कारकून:
गंगाकाठताई, तुमच्यासाठी आस्थापनेच्या भाषेत शब्द नाही. कागदावर ‘स्वेच्छेने राजीनामा’ लिहिलं असणार, आणि त्यातला ‘स्वेच्छेने’ खोटा आहे. मी स्वतः असे कागद टंकलेत. तेव्हा विचारलं नाही, याचा सल आहे.

भगूरकर:
माझा ‘लोकनिर्भर्त्सना’ मी मागे घेत नाही. पण ताईंच्या गोष्टीला तो लागत नाही, हे मान्य.

शब्दवेडी:
दोन दिवस कामात होते, आत्ता सगळं वाचलं. गंगाकाठताई, तुमचं लिहिणं मी सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला सातपूरकरांच्या एका शब्दात सापडलं, ‘स्क्रीनशॉट फिरत होता’. माणूस विमानात, फिरवलं जात होतं ते चित्र. आणि हे आपल्याला नवीन नाहीच. सीबीएसला, बसस्थानकाशी, नाही तर कलेक्टर ऑफिससमोर प्रतिमेला जोडे मारतात, पुतळ्याची अंत्ययात्रा काढतात, तेव्हा तो माणूस कुठे दूर घरी जेवत असतो. मराठीला माणसाशिवायची धिंड ठाऊक आहे. सासऱ्यांना हे सांगितलं. म्हणाले, ‘ते जोडे, ती धिंड नव्हे.’ म्हणजे अजून पटलेलं नाही.

पुस्तिकेची मुदत सोमवारपर्यंत वाढवून घेतलीय. ‘आक्षेपार्ह’ काढलं. ‘गमवावी लागली’चं ‘कामावरून काढलं’ केलं. जिच्यावर विनोद होतो तिने कुठे जायचं, यावर एक परिच्छेद जोडायची परवानगी कारखान्याकडे मागितलीय. धिंड तशीच ठेवलीय, खाली पेन्सिलने रेघ मारून.

मेनरोडकर:
धिंड काढा. हात जोडून सांगतो.

त्र्यंबकरोड:
उद्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन दात्यांच्या शब्दकोशात ‘वाळीत’ बघतो. वाळू निघाली तर इथे टाकीन.

सातपूरकर:
विचारलं. ती मुलगी अजून त्याच लाइनवर आहे. डबा एकटीच खाते म्हणे.