मदत हवी आहे: शास्त्रलेख मौन बाळगतो तिथे परंपरेला किती वजन द्यावे?

प्रिय बंधुभगिनींनो,

आमच्या बायबल अभ्यास गटात बालकांच्या बाप्तिस्म्याविषयी मतभेद आहेत, आणि कोणती मंडळी काय मानते यापेक्षा शास्त्रलेख काय शिकवतो हे आधी पाहायचे, असे सर्वांनी मिळून ठरवले आहे. बिरुया शहरातील लोक प्रेषित पौलाचे शिक्षणदेखील शास्त्रलेखात दररोज पडताळून पाहत असत (प्रेषितांची कृत्ये 17:11), म्हणून ही पद्धत मला मनापासून योग्य वाटते.

अडचण त्यापुढे आहे. फिलिप्पै येथील बंदिशाळेच्या नायकाने आपल्या सर्व माणसांसह बाप्तिस्मा घेतला (प्रेषितांची कृत्ये 16:33), पण त्या घरात तान्ही मुले होती की नव्हती हे वचन सांगत नाही; एक बाजू ती असणारच असे धरते, दुसरी पुढच्याच ओवीतील घराण्याच्या विश्वासाकडे बोट दाखवते, आणि दोघेही ती रिकामी जागा आपापल्या परंपरेनेच भरतात, असे मला दिसते. शिवाय मार्क 7:13 मध्ये येशू परंपरेने देवाचे वचन रद्द करणाऱ्यांना दोष देतो, तर 2 थेस्सलनीकाकरांस 2:15 मध्ये पौल तोंडी किंवा पत्राने मिळालेले शिक्षण घट्ट धरून राहण्यास सांगतो. गटातील कॅथलिक बहीण हेच वचन पुढे ठेवते, आणि तिचा प्रश्न टाळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

इ. स. 200 च्या सुमारास तर्तुलियन या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकाने बालकांचा बाप्तिस्मा लांबवावा असा सल्ला दिला, म्हणजे ती प्रथा तेव्हा होती. अशा साक्षीला आम्ही कोणते स्थान द्यावे? ज्यांनी अशी चर्चा प्रेम न गमावता चालवली आहे, त्यांनी कोणते उतारे कोणत्या क्रमाने वाचले, हे कृपया सांगावे.